घड्याळजी काही मरेना

लेखकाच्या कादंबऱ्यांत माणसं फार ऐटीत मरायची. कुणाला गोळी लागो, कुणाला क्षय होवो, पानभर बोलल्याशिवाय त्याने कुणाला डोळे मिटू दिले नव्हते. वाचक धाय मोकलून रडायचे. बायको मात्र रडायची नाही. नवं प्रकरण आधी तिला वाचून दाखवायचं, ही लग्नापासूनची रीत. ती मटार सोलत ऐकायची आणि शेवटी म्हणायची, "छान आहे. जेवायला वाढू?"

मग एके सकाळी तो स्वतःच स्वयंपाकघरात कोसळला. हृदय बंद पडलं होतं; डॉक्टरांनी ते कसंबसं पुन्हा चालू केलं. घरी परतल्यावर तो येईल त्या पाहुण्याला सांगे, की शुद्ध हरपताना आपण बायकोला म्हणालो, "तुझ्यामुळे आयुष्याचं सोनं झालं." तेवढ्यात बायको कप उचलून आत निघून जाई.

बाकी सगळं झकास होतं, लिखाण तेवढं अडलं. नव्या कादंबरीतला म्हातारा घड्याळजी मरायचा होता, आणि तो काही केल्या मरेना. त्याचं शेवटचं भाषण लेखक लिही आणि फाडून टाकी. मरणाच्या दारातून परत आलेल्यालाच मरण लिहिता येऊ नये? आपला कारभार आटोपला, असं त्याला वाटू लागलं.

शेवटी त्याने बायकोलाच गाठलं. "अगं, मी पडलो तेव्हा ‘आयुष्याचं सोनं झालं’ असंच म्हणालो होतो ना?"

"जाऊ द्या ना."

"नाही, सांगच."

"तुम्ही म्हणालात, दूध उतू जातंय, बघ."

"एवढंच?"

"एवढंच. आणि मी वेडी, आधी गॅस बंद केला नि मग तुमच्याकडे धावले." ती उगाच ओटा पुसू लागली. "एरवी तुमचं कधी ऐकत नाही. नेमकं तेव्हाच ऐकलं."

लेखक हसत सुटला. इतका, की ती घाबरून ओरडली, "पुरे! डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

त्याला फार हलकं वाटत होतं. दुपारी त्याने बैठक मारली आणि एका दमात प्रकरण उरकलं. त्यात घड्याळजी लेकीला फक्त विचारतो, "मांजराला खायला घातलंस का?" लेक वाटी भरून बाहेर ठेवते. परत येते तोवर बाप गेलेला असतो.

संध्याकाळी त्याने वाचून दाखवलं. जेवायला वाढण्याचं काही कानावर आलं नाही, म्हणून त्याने मान वर केली. टरफलं पातेल्यात पडली होती आणि दाणे कचऱ्याच्या टोपलीत. बायकोचं तिकडे लक्षच नव्हतं.

"कसं वाटलं?" त्याने भीत भीत विचारलं.

तिने पदराने डोळे पुसले. "त्या पोरीने आधी मांजराला घातलं. तिचं काही चुकलं नाही ना हो?"

"छे गं, मुळीच नाही. बापानेच तर सांगितलं होतं."

ती हसली. आणि दोघं टोपलीतले दाणे वेचायला बसली.