ऑरमंड कॅप्टनची फेरी

ऑरमंड कॅप्टन माझ्या दुकानात आले आणि एक दिवसासाठी गोल्फ कार्ट भाड्यानं द्या म्हणाले, तेव्हा मला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. आमच्या ब्रायलंड बेटावर भाड्याची गाडी पाहुणे घेतात. बोटीतून उतरायचं, गवताची टोपी घालायची, माझ्याकडून चार सीटांची गाडी घ्यायची, तीन मैलांच्या बेटावर दिवसभर गोल गोल फिरायचं आणि संध्याकाळी मला सांगायचं की आम्हाला एक बेट सापडलं. ते हरवलं होतं हे आम्हाला ठाऊक नसतं, पण मी त्यांचं अभिनंदन करते. धंदा आहे माझा.

कॅप्टन पाहुणे नव्हते. एक्क्याऐंशी वर्षांपूर्वी ते इथंच जन्मले, आणि पुढं जवळजवळ पन्नास वर्षं त्यांनी इथून राजधानीपर्यंत, नासाऊपर्यंत, टपालाची बोट चालवली. त्यांची स्वतःची गाडी होती, पण त्यांच्या लेकीनं, शर्लीननं, ती आदल्या दिवशीच चर्चला देऊन टाकली होती. कारण काचबिंदू. दीड वर्षापासून कॅप्टनना समोरचं जग धुक्यात बुडाल्यासारखं दिसायचं. मार्चमध्ये ते गाडी घेऊन युलीनबाईच्या कुंपणात शिरले आणि वर तिलाच विचारलं, कुंपण पुढं सरकवलंस का? युलीन हो म्हणाली, आणि वर माफीही मागितली. आमच्या गावाला ही खोडच आहे. कॅप्टनना कुणी कधी खरं सांगितलं नाही, म्हणून ते सांगायला शर्लीनला नासाऊहून यावं लागलं. ती तिकडं शाळेची मुख्याध्यापिका आहे, तेव्हा सांगण्याची सवय तिला होतीच.

ती त्यांच्या मागोमाग दुकानात आली. हातात पर्स, आणि पर्समध्ये दुपारच्या बोटीची दोन तिकिटं. खोली तयार आहे, खाली दवाखाना आहे, डॅडींनी निमूटपणे यावं, असं तिचं म्हणणं होतं. कॅप्टनचं म्हणणं होतं की नासाऊत आता त्यांना ओळखणारं काळं कुत्रंही उरलं नाही, आणि तिथल्या खोलीत बसून ते फक्त मरणाची वाट बघतील.

"डॅडी, तुम्हाला माझं तोंड दिसतंय का? खरं सांगा," ती म्हणाली.

"तुझं तोंड मला पाठ आहे. हे गावही पाठ आहे," कॅप्टन म्हणाले. "एक फेरी मारतो. कुठं ओरखडा जरी आला तर येतो तुझ्याबरोबर. नाही आला तर तू एकटी जा."

मला वाटलं, ही बाई असलं काही कबूल करणार नाही. पण ती बरं म्हणाली. बोटीच्या धक्क्यापासून वर डनमोर स्ट्रीट, चर्चला वळसा, आणि बे स्ट्रीटनं परत. ती शेजारी बसेल आणि हात लावणार नाही.

आता खरी पंचाईत माझी झाली. गाडी नाही म्हणावं तर म्हातारा बोटीत. द्यावी तर दहा वाजलेत, रस्त्यावर निम्मं गाव, चुकीच्या बाजूनं येणारे पाहुणे, कोंबड्या आणि शाळेची सहल. मी म्हटलं, गाडी माझी आहे, तेव्हा मागच्या सीटवर मी बसणार, आणि ब्रेक तपासायला मला दहा मिनिटं लागतील. कॅप्टनना लिंबाचं सरबत दिलं, मागच्या दारानं अंगणात गेले आणि डर्वुडला फोन लावला. डर्वुड बे स्ट्रीटवर शंखाच्या मांसाची कोशिंबीर विकतो. त्याला सांगितलेली गोष्ट चर्चच्या घंटेपेक्षा लवकर गावभर होते.

रस्ता रिकामा करा, म्हटलं. माणसं, गाड्या, कोंबड्या, सगळं आत घ्या. आणि कॅप्टन जवळून गेले तर तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. हे बजावणं भाग होतं. इथं समोरून येणाऱ्याला गुड मॉर्निंग म्हटल्याशिवाय कुणी पुढं जात नाही, आणि कॅप्टन प्रत्येकाला आवाजावरून ओळखून त्याच्याकडं वळतात. त्यांची मान जिकडं वळेल तिकडं गाडीही वळते. युलीनच्या कुंपणाचं तसंच झालं होतं. तिनंच हाक मारली होती.

मग दुकानात येऊन मी गाडीची किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि नियमाप्रमाणे सगळं म्हणून दाखवलं. डावीकडून चालवा, वाळूत नेऊ नका, घंटा वाजवून लोकांना घाबरवू नका. कॅप्टननी शहाण्या पाहुण्यासारखं ऐकून घेतलं. नकाशाही मागून घेतला आणि उलटा धरून खिशात घातला.

आमच्या गाड्यांची मागची सीट उलटी असते. बसणाऱ्याचं तोंड मागं. म्हणजे पुढं काय येतंय ते मला दिसत नव्हतं, मागं काय सुटलं तेवढंच दिसायचं. देवाचं नाव घेऊन मी दोन्ही हातांनी दांडा धरला.

आणि काय सांगू! डनमोर स्ट्रीटच्या दोन्ही बाजूंना सगळं गाव भिंतींना चिकटून उभं होतं. सहलीच्या मुलांना शिक्षकांनी ओळीनं चर्चच्या दगडी गडग्यावर चढवलं होतं, प्रत्येकाचा हात स्वतःच्याच तोंडावर. युलीन दोन काखांत दोन कोंबड्या धरून उभी होती आणि एकीची चोच तिनं बोटांनी मिटून धरली होती. पाहुण्यांच्या गाड्या अंगणाअंगणांत घुसवून ठेवलेल्या. सिनेमाचं शूटिंग चाललंय असं डर्वुडनं त्यांना सांगितलं होतं, त्यामुळं ते खुशीत होते. कॅप्टन मात्र मुळीच खुशीत नव्हते. ते पाठ ताठ करून चालवत होते आणि एकेक वळण मनात मोजून घेत होते. चर्चचा वळसा त्यांनी असा घेतला की माझ्या एकाही गिऱ्हाइकाला आजवर तसा जमला नाही.

मग बे स्ट्रीटला लागलो. गल्लीतून खडखड ऐकू आली. एक पाहुणं जोडपं कुणालाच न सापडता नेमकं चुकीच्या बाजूनं येत होतं. मला ते दिसलं ते आम्ही पुढं गेल्यावर. डर्वुड आणि पाच कोळ्यांनी ती गाडी जोडप्यासकट उचलून फुटपाथवर ठेवली होती. कुणाच्या तोंडून हुंकारही निघाला नाही. जोडप्याला ती इथली स्वागताची पद्धत वाटली असावी, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

सगळा वेळ माझे कान शर्लीनकडं होते. तिचं तोंड पुढं होतं. तिला प्रत्येक गोष्ट आधी दिसत होती, मुलं, कोंबड्या, ती उचललेली गाडी. आता बोलेल, मग बोलेल, असं म्हणत मी धक्क्यापर्यंत आले. ती बोलली नाही.

कॅप्टननी धक्क्याजवळच्या माझ्या अंगणात गाडी उभी केली ती थेट दोन पांढऱ्या रेघांच्या मधोमध. मी उतरून चारी बाजूंनी बघितलं. ओरखडा नव्हता. शर्लीननं पर्समधून एक तिकीट काढलं आणि फाडलं.

"जिंकलात, डॅडी," ती म्हणाली.

कॅप्टन उतरले नाहीत. स्टिअरिंगवरचे हात तसेच होते.

"आयव्हा, आज गावात कोण गेलं?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, कुणी नाही हो, सगळे ठणठणीत आहेत.

"मग डनमोर स्ट्रीटवर मला कुणी गुड मॉर्निंग का नाही म्हटलं? बे स्ट्रीटवरही नाही. धक्क्यावर सुद्धा नाही. सबंध गावातून आलो आणि फक्त टाळ्या ऐकल्या."

ऊन फार आहे, लोक घरात आहेत, असं काहीतरी मी म्हटलं. माझं मलाच खोटं वाटलं. त्यांनी मान हलवली, जसं लहान पोराचं ऐकून घेतात तसं, आणि लेकीकडं वळले.

"तुला तर दिसत होतं ना? मग तू का गप्प बसलीस?"

शर्लीनच्या डोळ्यांत पाणी आलं. "जमलं तर बरं, असं वाटलं," ती म्हणाली. "मला तुम्हाला न्यायचं नव्हतंच, डॅडी. कुणीतरी न्यायला हवं, म्हणून आले." मग गडग्यावरची पोरं, कोंबड्या, उचललेली गाडी, सगळं तिनं त्यांना सांगून टाकलं.

मग जे झालं ते मी माझ्या अंगणात उभं राहून ऐकलं, आणि हसावं की रडावं ते मला कळेना. सकाळी जे जे ती बोलली होती ते सगळं आता कॅप्टन बोलू लागले आणि त्यांचं बोलणं ती. नासाऊत दवाखाना जवळ आहे, ते म्हणाले. तिथं तुम्हाला कोण ओळखतं, ती म्हणाली. खोली तयार आहे म्हणालीस ना. खोलीत बसून तुम्ही मराल. गाव तुमच्याकडं बघेल, अशी ती अडून बसली, तेव्हा कॅप्टन पहिल्यांदा चिडले.

"आज बघितलं. उद्या ते गाव मासे मारायला जाईल. आणि उद्या पोरांना गडग्यावर कोण चढवणार?"

कॅप्टननी किल्ली काढली, चाचपडत माझा हात शोधला आणि त्यात ठेवली. मग फाटलेल्या तिकिटाबद्दल त्यांनी लेकीला दोन शब्द सुनावले, आता दुसरं घ्यावं लागेल म्हणून.

दुपारच्या बोटीनं दोघं गेले. मी धक्क्यावर गेले नाही, दुकान उघडं होतं. चारच्या सुमाराला ते उचललेलं जोडपं गाडी परत करायला आलं. बेट फार सुंदर आहे म्हणाले, आणि लोकही प्रेमळ, फक्त जरा अबोल आहेत. मी त्यांचं अभिनंदन करू शकले नाही. सगळे गप्प बसले ते माझ्या सांगण्यावरून, आणि आता कॅप्टनना ऐकू येईल असं काही म्हणायला उशीर झाला होता.