काचेवरच्या पिचकाऱ्या

चिखले गावातल्या एका बंगल्याची दुरुस्ती निघाली, तेव्हा मालकाने खिडकीची जुनी लोखंडी जाळी तिथे मजुरीला आलेल्या काकड्याला देऊन टाकली. काकड्याने ती घरी आणून समुद्राकडच्या खिडकीला बाहेरून ठोकली. आत काच, बाहेर जाळी. डास थांबले म्हणून बायको सुकी दोन महिने त्याच्यावर खूश होती.

भर पावसाळ्यात काचेवर तपकिरी ओघळ दिसायला लागले. सुकीने पुसले. आठ दिवसांत पुन्हा हजर! तिने काचेकडे पाहिले, मग काकड्याच्या गालातल्या तंबाखूकडे पाहिले, आणि निकाल लागला.

"अंगणातून खिडकीवर थुंकतोस ना?"

"मी? माझ्याच घरावर?" काकड्याच्या जिव्हारी लागले. "आणि जाळीतून आरपार जाईल होय? मी काय फवारणीचा पंप आहे?"

खरे-खोटे व्हावे म्हणून त्याने शेजारणीला, तुळशीला, साक्षीला बोलावले, तीन पावले मागे सरकला आणि जोर लावून पिचकारी मारली. निम्मी जाळीला अडकली. उरलेली सुरेख आत शिरून काचेवर बसली. तुळशी हसून हसून ओट्यावरच बसली.

"बघ," सुकी म्हणाली, "तोंड सराईत आहे."

काकड्याने तिथल्या तिथे तंबाखू सोडली. पंधरा दिवस त्याने बडीशेप चघळली, डोके धरून बसला, कोंबड्यांशी भांडला. डाग मात्र वाढतच होते. "म्हणजे चोरून खातोस," असे म्हणून सुकी दिवसातून तीनदा त्याच्या तोंडाचा वास घेई. बडीशेपेचाच यायचा. काकड्याला रडूच यायचे बाकी होते.

मग एका दुपारी समुद्राकडून आडवा पाऊस आला. सुकीने काच सकाळीच लख्ख पुसली होती आणि काकड्या तिच्यासमोर, तोंड मिटून, सुंभ वळत बसला होता. दोघांच्या देखत जाळीतून एक लालसर थेंब उडाला, काचेवर पडला आणि ओघळला. मागून दुसरा. सुकीने काच उघडून जाळीवर बोट घासले. बोट गंजाने लाल झाले. खाऱ्या वाऱ्याने लोखंड खाल्ले होते आणि पाऊस तो गंज धुऊन काचेवर आणत होता.

"अगं बाई! ही जाळीच तंबाखू खाते!"

काकड्या उठून उभाच राहिला. "आता माफी माग."

"कसली माफी? जाळी कोणी आणली?"

माफी काही मिळाली नाही. पण त्या रात्री ताटात सुके बोंबील त्याच्या वाट्याला जास्त आले. पुढे जाळी भंगारात गेली, काच लिंबाने घासली आणि डहाणूच्या बाजारातून नायलॉनची जाळी आली. काकड्याची तंबाखू दुसऱ्या सकाळीच सुरू झाली.

सुकी आता पाड्यातल्या घरोघरी काचा तपासत फिरू लागली. "नवऱ्याला बोलू नका, आधी जाळी बघा," हे तिचे ठरलेले बोलणे.

तुळशीच्या घरी जाळी नायलॉनची निघाली. डाग होतेच. तुळशीचा नवरा त्या दिवशी काकड्याकडे जेवला.