बाई काही बोलल्या नाहीत

विमा कंपन्यांच्या सरकारी तपासणीत बाईंची तेवीस वर्षं गेली होती. कंपन्यांचे लोक त्यांना वचकून असत आणि त्याचं बाईंना मनातून बरंही वाटे. पथक घेऊन एखाद्या कंपनीत शिरल्या की पहिल्याच दिवशी त्या सांगून टाकत, ‘‘चहा आमचा आम्ही आणू, जेवण डब्यातलं, आणि या खोलीची किल्ली माझ्याकडे राहील.’’

त्या वर्षी त्यांच्या वाट्याला जी कंपनी आली, ती आयुर्विमा आणि पेन्शनच्या पॉलिसी विकणारी. जाहिरातींचे फलक चौकाचौकात. सातव्या मजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत सहा जणांचं पथक अकरा आठवडे बसलं. कंपनीचा हिशेबप्रमुख रोज सकाळी डोकावून ‘‘काही हवं-नको?’’ विचारायचा. त्याचं नाव पथकानं ‘हसरा’ ठेवलं होतं.

घोळ सापडला तो भिंगाला. भिंग म्हणजे पथकातला सगळ्यात जुना तपासनीस. जाड काचांचा चष्मा, निवृत्तीला दोन वर्षं, आणि एकही कागद वाचल्याशिवाय उलटायचा नाही अशी खोड. कंपनीच्या संगणकात ‘कागदपत्रं अपुरी’ या सदराखाली एकोणीसशे चाळीस दावे पडून होते. भिंगानं त्यातले साठ उपसून काढले. बावन्न दाव्यांचे कागद पुरे होते. पण दावा त्या सदरात असेपर्यंत त्यासाठी कंपनीला एक पैसाही तरतूद म्हणून बाजूला काढून ठेवावा लागत नव्हता.

‘‘बाई, हे सगळे दावे खरे धरले ना,’’ भिंग हळूच म्हणाला, ‘‘तर कंपनीच्या अंगावर नेसायलाही काही उरत नाही.’’

बाईंनी हसऱ्याला बोलावून घेतलं.

‘‘पद्धतीचा भाग आहे, मॅडम,’’ तो म्हणाला.

‘‘एका बाईकडून नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला तीनदा मागवायचा, ही पद्धत?’’

‘‘पहिले दोन नीट वाचता येत नव्हते.’’

भिंगानं तिन्ही दाखले टेबलावर शेजारी शेजारी मांडले. तिन्ही लख्ख होते. त्या दिवसापासून हसरा डोकावायचा बंद झाला.

बाईंनी अहवालाचा मसुदा लिहिला. चौदाव्या परिच्छेदात त्यांनी आडपडदा ठेवला नाही. कंपनीनं देणी लपवली आहेत, नव्या पॉलिसींची विक्री ताबडतोब थांबवावी. दोन दिवसांनी खात्याच्या संचालकसाहेबांनी त्यांना बोलावलं. मसुदा त्यांच्यासमोर होता; त्यावर त्यांनी पेनाचा एक ठिपकाही उमटवला नव्हता.

‘‘काम उत्तम आहे,’’ साहेब म्हणाले. ‘‘पण हे असं गेलं तर उद्या सकाळी त्यांच्या दारात रांग लागेल. चार लाख लोक आपले पैसे परत मागतील. कुणालाच काही मिळणार नाही.’’

‘‘आणि नाही गेलं तर ते नवीन लोकांना विकत राहतील, साहेब.’’

‘‘सहा महिने. नवं भांडवल आणतो म्हणालेत. आपणच बुडवली असं व्हायला नको.’’ मग त्यांनी मसुदा बाईंकडे सरकवला. ‘‘‘तरतुदीच्या पद्धतीत सुधारणेस वाव आहे’ असं काहीतरी करा. तुमची भाषा चांगली आहे.’’

साहेबांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. बाईंना पुढे छळलं ते त्याच गोष्टीनं. जागेवर येऊन त्यांनी लाल पेनानं चौदावा परिच्छेद स्वतःच्या हातानं खोडला, वर नवं वाक्य लिहिलं आणि मसुदा टायपिंगला दिला.

त्याच आठवड्यात ताईचा फोन आला. ताई त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यावर वेण्या घालण्यापासून फीच्या रांगेत उभं राहण्यापर्यंत सगळं तिनंच केलेलं. बाई बावन्नच्या झाल्या तरी ताईच्या तोंडी त्या चिमीच होत्या.

‘‘चिमे, ह्यांचा छापखान्यातला फंड हातात आलाय. खालच्या मजल्यावरचा एजंट मागे लागलाय, पेन्शनच्या पॉलिसीत घाला म्हणून.’’ तिनं कंपनीचं नाव घेतलं. ‘‘बरी आहे ना गं?’’

तपासणीतलं अक्षर बाहेर गेलं तर नोकरी जाते, खटला भरतात, हे बाई दरवर्षी नव्या भरतीला शिकवत असत.

‘‘ताई, मला अशा बाबतीत काही बोलता येत नाही.’’

‘‘अगं, मी काय पेपरात छापणार आहे? वाईट आहे का, एवढंच सांग.’’

‘‘कुठल्याच कंपनीबद्दल नाही बोलता येत. घाई मात्र करू नका.’’

‘‘घाई कसली? दोन महिने विचारच चाललाय,’’ ताई म्हणाली आणि पोरांची चौकशी करून तिनं फोन ठेवला.

पुन्हा फोन लावावा, नुसतं ‘नको’ म्हणावं, असं बाईंच्या दोनदा मनात आलं. त्यांनी लावला नाही.

नवं भांडवल आलंच नाही. आठ महिन्यांनी सरकारनं कंपनीवर प्रशासक बसवला आणि पैसे काढणं थांबवलं. ही बातमी लागली त्या सकाळी ताईचा फोन येईल म्हणून बाई वाट पाहत होत्या. आला तो भाऊजींचा. ते कधी चढ्या आवाजात बोलत नसत, तेव्हाही बोलले नाहीत.

‘‘आम्ही सगळाच फंड घातला होता. आणि आम्हीच नाही. इमारतीतल्या चौदा घरांनी घातलेत.’’

‘‘चौदा?’’

‘‘तुझ्या ताईनं त्या एजंटला सांगितलं, बहीण तपासणी खात्यात आहे, तिला विचारलं, ती काही वाईट बोलली नाही. मग तो दारोदार तेच सांगत फिरला. खुद्द तपासणारी बाई काही बोलली नाही, सख्ख्या बहिणीला तिनं घेऊ दिली, म्हणजे बघा.’’



चौकशी समिती नेमली गेली. संचालकसाहेबांनी लेखी जबाब दिला: माझ्यापुढे जो अहवाल आला त्यावर मी सही केली. तो वाचून बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या संध्याकाळी भिंग त्यांच्या टेबलापाशी आला. तोवर तो निवृत्तीच्या उंबरठ्यावर होता. त्यानं पिशवीतून पहिला मसुदा काढला. टायपिंगहून परत आलेला तो कागद त्यानं फेकू दिला नव्हता.

‘‘द्यायचा का समितीला?’’ त्यानं विचारलं. ‘‘पण नीट बघा, बाई. यात साहेबांचं एक अक्षर नाही. खाडाखोड सगळी तुमच्या हातची आहे.’’

‘‘दिसतंय.’’

‘‘तुम्हीच अडकाल. ते सुटतील.’’

‘‘निदान आपल्याला माहीत होतं, एवढं तरी कागदावर येईल,’’ बाई म्हणाल्या.

त्यांनी मसुदा दिला आणि साहेबांच्या खोलीत काय बोलणं झालं तेही सांगितलं. साहेबांनी कानावर हात ठेवले. समितीनं बाईंच्या दोन पगारवाढी रोखल्या, त्यांना तपासणीतून काढलं आणि तळघरातल्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बसवलं. तपासणीची पद्धत सुधारण्यासाठी पुढे सल्लागार मंडळ झालं, त्याचे अध्यक्ष साहेब झाले. पॉलिसीधारकांना शंभरामागे अडतीस मिळाले, तेही तीन हप्त्यांत.

निकाल लागल्यावर बाई ताईकडे गेल्या. जिन्यात खालच्या मजल्यावरची एक शेजारीण भेटली. पूर्वी हात धरून गप्पा मारणारी ती, त्यांना पाहून नुसती बाजूला झाली. भाऊजी कामावरून नुकतेच आले होते. सदुसष्टाव्या वर्षी त्यांनी एका दुकानात पावत्या फाडायचं काम धरलं होतं. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती.

बाईंनी सगळं सांगितलं. मसुदा, लाल पेन, समिती, तळघर. ताईनं घड्या थांबवल्या नाहीत.

‘‘म्हणजे मी फोन केला तेव्हा तुला ठाऊक होतं.’’

‘‘हो.’’

‘‘मला वाटायचं, तुला ठाऊक नसणार. दोन वर्षं मी लोकांना तेच सांगत आले. माझ्या बहिणीला ठाऊक असतं तर ती बोलली असती, म्हणून भांडले मी शेजाऱ्यांशी.’’

‘‘ताई, कायद्यानं मला…’’

‘‘समितीपुढे बोललीस ना? तेव्हा कुठे गेला कायदा?’’ ताई उठून आत गेली ती बाहेर आलीच नाही.

भाऊजी चपला घालून बाईंना फाटकापर्यंत सोडायला आले.

‘‘तिचं मनावर घेऊ नकोस,’’ ते म्हणाले. मग त्यांनी फाटकाची कडी काढली. ‘‘पण खोटं कशाला बोलू? माझंही तेच म्हणणं आहे.’’

बाईंनी मान हलवली आणि त्या बसथांब्याकडे चालू लागल्या.