चाके न काढलेले घर

ऑक्टोबरात आमच्या दरीत ऊन उशिरा उतरते. आधी समोरच्या डोंगराचा माथा फिकट होतो, मग रस्त्याकडेच्या टपालपेट्या उजळतात, मग आमच्या दाराची चौकट. आणि त्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून दोऱ्याएवढा एक किरण आत येऊन जमिनीवर आडवा होतो. तो सरकत सरकत चुलीपाशी पोहोचेपर्यंत मी कॉफीचा कप हातात धरून त्याच्याकडे पाहत बसे. वर्षभरात तो जाड झाला होता. यंदा ऊनच चांगले आहे, असे मी स्वतःला सांगत असे.

आई बिस्किटांचे पीठ मळत होती. "ड्युई, हॅस्केल येईल आता. त्याच्यापुढे तोंड उघड जरा. नाहीतर त्याला वाटायचं, मुक्यांच्या घरी आलोय."

हॅस्केल हा बँकेने पाठवलेला इंजिनिअर. आमच्या घराखालची जमीन तिचे मालक, खाणवाले, विकायला निघाले होते. ती आम्ही घेतली नाही, तर दुसरा कोणी घेणार आणि आम्हाला उठवणार. बँक कर्ज द्यायला तयार होती. मात्र कारखान्यात बनून ट्रकमागे ओढत आलेले हे घर पक्क्या पायावर बसले आहे, असे हॅस्केलने लिहून द्यायला हवे होते. घराच्या खालच्या अंगाला लावलेले पत्रे मी आठवडाभर रंगवत होतो.

त्यांतला एक पत्रा हॅस्केलने आल्या आल्या अलगद काढला आणि विजेरी घेऊन तो पोटावर सरपटत आत गेला. बऱ्याच वेळाने खालून आवाज आला.

"मिस व्हर्ना, चाकं अजून तशीच आहेत की."

"नवऱ्यानं ठेवली," आई म्हणाली. "खाणवाले कधीही हाकलतील म्हणायचा, घर ट्रकला जोडायचं न् निघायचं. इथं सगळ्यांनीच ठेवलीत."

"मग बँकेच्या लेखी हे घर नाही, गाडी आहे."

"तर पेट्रोल भरून दे."

तो हसत बाहेर आला, गुडघे झटकले आणि हसू आवरले. "चाकं काढता येतील हो. पण घर ज्यांवर टेकलंय ते ठोकळे नुसत्या मातीवर रचलेत. माती गोठली की फुगते, वितळली की बसते. खाली काँक्रीट हवं."

"कर्ज मिळालं की घालू," मी म्हणालो.

"पोरा, ते घातल्याशिवाय कर्ज नाही."

आईने दिलेले बिस्किट त्याने उभ्यानेच खाल्ले, पत्रा स्वतः जागेवर बसवला, आणि माझा ओला रंग बोटांना लागलेला तसाच घेऊन तो गेला.

आई दार लावायला गेली आणि तिथेच थांबली. "हा उजेड इथून आधी यायचा का रे?"

"ऊन आहे, आई. येणारच."

तिने दार पुन्हा ओढले, मग खांद्याने रेटले. खालची कड चौकटीला घासून अडली. वरचा कोपरा उघडाच राहिला. ती बाजूला झाली. मी रेटून पाहिले.

ते दार वसंतापासून पुरते लागत नव्हते; रोज रात्री मीच ते कसेबसे ओढून घेत असे. घर खचत होते.