दोन्ही औषधं

शाळांच्या गणवेशांचं काम अंगावर असतानाच शिंप्याची साखर वाढली. पायांना मुंग्या यायच्या, सुईत दोरा ओवायला बायकोला हाक मारावी लागायची. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवून दिली आणि विचारलं, "आणखी काही घेता का? चूर्ण, काढा वगैरे?"

"नाही हो," तो म्हणाला.

खरं तर त्याच आठवड्यापासून तो काढा प्यायला लागला होता. त्याची मोठी बहीण, आक्का, गल्लीच्या टोकाला राहायची. साखर तिलाही होती. कसल्या कसल्या कडू बिया आणि पानं उकळून ती स्वतः प्यायची आणि उरलेला काढा भावाला आणून द्यायची. "गोळी सोडू नकोस," ती म्हणायची, "पण गोळी नुसती साखर दाबते. रोग मुळापासून काढायचा तर हेच." शिंपी नाक दाबून घोट घ्यायचा. त्याचा पूर्ण विश्वास दोन्हींपैकी कशावरच नव्हता, म्हणून तो दोन्ही घ्यायचा.

डॉक्टरीणबाईंच्या कानावर घाला, असं बायको सांगत होती. पण दवाखान्याच्या बाकावर भेटणाऱ्या बस कंडक्टरने, तिथल्या जुन्या पेशंटने, त्याला आधीच शहाणं केलं होतं. "मी एकदा सांगून बसलो. बाई म्हणाल्या, मग त्या पाल्यालाच विचारा, माझ्याकडे कशाला आलात? तेव्हापासून तोंडाला कुलूप. आणि झाडपाल्याचं काय बाधतंय?" बाकावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रत्येकाच्या घरी काही ना काही उकळत होतंच.

साखर भराभर उतरली. शिंप्याला दुपारी दरदरून घाम फुटायला लागला, हात थरथरायचे, कात्री वाकडी जायची. काही खाल्लं की बरं वाटायचं. आक्काचा चेहरा फुलला. "रोग बाहेर पडतोय. लागू पडलंय तुला."

एके दिवशी बायको माहेरी आईला बघायला गेली होती. शिंप्याने सकाळी गोळी घेतली, काढा घेतला आणि कामाच्या नादात डबा तसाच ठेवला. दुपारी गरगरलं, तेव्हा दुकानाचं शटर अर्धं ओढून तो कापडाच्या गठ्ठ्यांवर आडवा झाला. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, डुलकी काढतोय. संध्याकाळी बायको परतली तेव्हा सदरा घामाने चिंब होता, अंग गार पडलेलं, आणि हाकेला ओ नव्हती.

इस्पितळात त्याने डोळे उघडले, पण बायकोला ओळखलं नाही. डॉक्टरीणबाई बघायला आल्या, तेव्हा बायकोने त्यांना काढ्याचं सांगितलं. "मेंदूला फार वेळ साखर मिळाली नाही," त्या म्हणाल्या. "काढ्याचं कळलं असतं तर मी गोळी कमी केली असती."

"तुम्ही रागावाल म्हणून ते बोलले नाहीत," बायको म्हणाली.



शिंपी घरी आला. हातपाय धड होते, पण काम गेलं होतं. हातात कात्री दिली तर तो तिच्याकडे नुसता बघत बसायचा. बायकोला तो कधी बाई म्हणायचा, कधी ताई. मशिनवर आता ती बसू लागली. सरळ शिवण तिला यायची, कॉलर जमायची नाही. गिऱ्हाइकं हळूहळू तुटली.

आक्का बरेच दिवस फिरकली नाही. मग एका दुपारी दारात येऊन उभी राहिली, उंबरा ओलांडेना.

"येऊ का गं आत?"

बायकोने मान वर केली नाही. "या. त्यांना भरवायचंय. माझे हात अडकलेत."

तेव्हापासून आक्का रोज येते. भात कालवते, घास करते, भावाचं तोंड पुसते. नणंद-भावजय एकमेकींशी बोलत नाहीत. एकदाच आक्काच्या तोंडून निघालं, "वाईट व्हावं म्हणून नव्हतं गं दिलं मी."

"माहीत आहे मला," बायको मशिन न थांबवता म्हणाली. "पण माहीत असून काय करू, वन्सं?"

आक्काचा हात ताटातच राहिला होता. शिंपी तोंड उघडून पुढच्या घासाची वाट बघत होता.