मालगुजारांच्या विहिरीवर

दवाखान्यातल्या बाटल्या उकळून पालथ्या घालणं हे पंचफुलाचं रोजचं सकाळचं काम. नागपुरातल्या मिशनच्या दवाखान्यात ती आठ वर्षं परिचारिका होती. त्या दिवशी बाटल्या निम्म्याच झाल्या होत्या, तोच कुहीकडून निरोप आला. तिच्याच गावात हैजा, पटकीची साथ; तीन दिवसांत अकरा माणसं गेली.

"दुसरीला पाठवू का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"विहीर मला माहीत आहे. पाणी साडेतीन पुरुष खोल."

त्या विहिरीला तिचा हात कधी लागला नव्हता. लहानपणी ती विहिरीपासून लांब घागर घेऊन बसे, कुणीतरी वरून धार सोडेपर्यंत दोराचे वेढे मोजी. एका उन्हाळ्यात तिची आई प्रयागबाई वाट पाहून थकली आणि काठावर चढली. गावची जमीन ज्यांची, त्या मालगुजार महादेवरावांनी काठीनं तिचा हात मोडला. पुढे मायलेकी ख्रिस्ती झाल्या. चर्चमध्ये वैऱ्यांसाठी प्रार्थना करायची वेळ आली की पंचफुला महादेवरावांचं नाव घेई. ओठ हलत, आवाज निघत नसे.

दुसऱ्या दिवशी ती विहीर शुद्ध करायच्या लाल दवाईच्या पुड्या घेऊन गावात पोचली.

"पुडी तिथंच ठेव," महादेवराव विहिरीवरून म्हणाले. "आमचा कवडू टाकीन."

"बादलीत घोळून टाकाची, मालक. मंग बादली दहादा खालीवर..."

"पाहिलं का गा कवडू? मास्तरीण आली आपल्याले शिकवाले."

कवडू गडी हसला आणि त्यानं लाल दवाईची अख्खी पुडी विहिरीत उलटली. खडे सरळ तळाशी गेले. वरचं पाणी होतं तसंच राहिलं, आणि बायकांनी दोर सोडायला घेतले.

पंचफुला चाळीस पावलांवर उभी होती. परत गेली असती, तर तिला कुणी दोष दिला नसता. पण मालगुजारांची सून गोपिका सकाळपासून आजारी असल्याचं तिनं वाटेत ऐकलं होतं. तिनं पिशवीतली दुसरी पुडी काढली, सोबत आणलेल्या बादलीत घोळली, ती काठावर चढली आणि दोरानं बादली खालीवर करू लागली.

महादेवरावांनी काठी उचलली. "तुह्या मायचा हात आठवते का?"

"रोज आठवते. मारायचं तं मारा, मालक, पन दहा खेपा पुऱ्या होऊ द्या. चारच झाल्या."

काठी वरच राहिली. दहाव्या खेपेला पाणी गुलाबी दिसलं.

"विहीर बाटली," ते म्हणाले आणि निघून गेले. बायका पाण्यासाठी नाल्याकडे वळल्या.

"नाल्यातूनच हैजा येऊन राहिला, बाई," पंचफुला हाका मारत राहिली. "दिवस बुडेपर्यंत थांबा, मंग हेच पानी उकळून प्या." एकही मागं फिरली नाही.

ती बसली, उठली, पाणी पाहून आली, पुन्हा बसली. दिवस बुडताना मालगुजारीण रुखमाबाई एकटीच आली.

"सुनेच्या पोटात कायीच ठरून नाही राहिलं."

"मालकानं पाठवलं?"

"त्यायले इचारलं नाही." रुखमाबाईनं घागर खालच्या पायरीवर ठेवली. मान वर केली नाही. "ओत वं."

पंचफुलाचा बादलीचा हात क्षणभर वर गेला, वरून धार सोडतात तसा. मग ती पायरी उतरली, घागरीच्या तोंडाला बादली टेकवून तिनं पाणी ओतलं. थेंब सांडला नाही.

"उकळून, मीठ टाकून, घोट घोट द्या. एक बादली भरून ठेवून मी आलेच."

नाल्याच्या वाटेनं बायकांच्या भरल्या घागरी परतत होत्या. त्यांच्यासाठी तिनं पुन्हा दोर सोडला.