धुतलेला जबडा

हे सगळं घडलं १९७१ साली. आमचे हे घड्याळजी होते. सहा दिवस घड्याळं उघडायची आणि रविवारी गावाबाहेरच्या दगडखाणीत जाऊन दगड फोडायचे. पलंगाखाली, डब्यांमागे, माझ्या शिवणयंत्राच्या खणात, जिथे हात घालावा तिथे एखादं दगड झालेलं हाड.

"लाखो वर्षांपूर्वीचं आहे," हे म्हणायचे.

"मग आणखी एक दिवस बाहेर राहिलं तर काय बिघडणार होतं?"

त्या वर्षी त्यांना बोटभर लांबीचा जबडा सापडला, सगळ्या दातांसकट. त्यांनी विद्यापीठाला पत्र लिहिलं आणि पंधरा दिवसांनी जीवाश्मांच्या बाई दारात उभ्या राहिल्या. तिशीतल्या, पायात मळके बूट. चहाला नको म्हणून थेट भिंग काढलं. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "दादा, असा प्राणी मी कुठेच पाहिला नाही. कोणत्या थरातला?"

"खाणीतला."

"खाणीत दोन थर आहेत. खालचा करडा, वरचा पिवळा. दोन्हींत कोट्यवधी वर्षांचं अंतर. याला चिकटलेली माती कुठाय?"

हे अभिमानाने हसले. "माती? कण सापडायचा नाही! आधी बेंझिन, मग ब्रश, मग सुई. घड्याळासारखा लख्ख केलाय."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, त्या मातीवरूनच कळलं असतं!"

"हातात आलेली वस्तू आधी धुवायची, वीस वर्षांची सवय आहे बाई."

मग तीन रविवार दोघं खाणीत. जबडा सापडला होता तो सुरुंगाने उडालेल्या ढिगाऱ्यात, दोन्ही थर कालवलेले. बाई चाळण घेऊन बसायच्या, हे त्यांना चाळण कशी धरायची ते शिकवायचे, आणि मुकादम दोघांवर ओरडायचा. हाती काही लागलं नाही.

तिसऱ्या रविवारी बाई आमच्या स्वयंपाकघरात वही उघडून बसल्या. "दादा, करड्यातला असेल तर या कुळातला आजवरचा सगळ्यात जुना. त्याला तुमचं नाव देईन. थर माहीत नसेल तर कपाटात जाईल. नीट आठवा."

मी मागून कोपर मारलं. करडा म्हणा, करडा!

"आठवत नाही," हे म्हणाले.

"अंदाजाने?"

"अंदाजाने मी कुणाच्या घड्याळाची वेळ लावत नाही."

बाईंनी वही मिटली. त्या गेल्यावर मी तोंड सोडलं. "आयुष्यभर घरात माती आणलीत, आणि हवी होती नेमकी तीच धुतलीत! वर एक शब्द बोलवेना?" तीन दिवस मी अबोला धरला. यांच्या तो लक्षातही आला नाही.

पुढच्या रविवारी बाई कागदी पिशव्यांचा गठ्ठा घेऊन हजर. "आता धुवायचं नाही. आधी थर लिहायचा, मग पिशवी." अकरा वर्षं ते असंच चाललं, भांडत, एकमेकांचं अक्षर नावाजत नाहीतर त्याला नावं ठेवत.

पुढे खाण पाण्याने भरली. मुकादम मुलीकडे गेला, तिथेच वारला. बाईंनी त्या खाणीवर जाडजूड ग्रंथ लिहिला. यांच्या चारशे पिशव्यांचे थर त्यांनी न तपासता घेतले, असं त्याच मला म्हणाल्या. आता निवृत्त आहेत, गुडघे दुखतात. हे जाऊन सव्वीस वर्षं झाली. जबडा विद्यापीठाच्या कपाटात आहे, चिठ्ठीवर 'थर अज्ञात'. सोबत यांचं नाव नाही. मला अजून राग येतो.